मिरगाचा किडा आणि अरबी सन

पहिल्या सरी पडून गेल्या की वर्धा जिल्ह्यातल्या धुऱ्यांवर लाल मखमलीचे ठिपके चालायला लागतात. मराठीत हा मिरगाचा किडा, उर्दूत बीरबहूटी. खरं तर हा किडा नाहीच. आठ पायांचा, म्हणजे कोळी-गोचिडाच्या गोतातला. वर्षभर जमिनीत राहतो आणि पाऊस झाला की थोडे दिवस वर येतो. तो पहिल्यांदा दिसला ती तारीख मी काही वर्षांपासून वहीत लिहून ठेवतो.

ती वही पाहून लोक सहज विचारतात, "सर, तुमच्यात मृग मानतात का?" प्रश्नात वाईट हेतू नसतो, म्हणूनच त्याचं उत्तर द्यायला हवं.

हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण ३५४ दिवसांचं. ते दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतं. २०१६ मध्ये आपल्याकडे ७ जूनला पहिला रोजा होता. २०२५ मध्ये त्याच तारखेला बकरी ईद आली. इबादतीसाठी हे फिरणं चांगलंच, रोजे कधी थंडीत तर कधी उन्हात येतात. पण शेतसारा असा फिरून कसा चालेल? कापूस काही चांद पाहून फुटत नाही.

म्हणून दख्खनेत एक वेगळा सन चालला. त्याची सुरुवात हिजरी ७४५ची, म्हणजे १३४४ची. तेव्हा इथे महंमद तुघलकाचा अंमल होता. आकडा हिजरीचा घेतला, वर्ष मात्र सूर्याचं, आणि नवं साल सूर्य मृगात शिरेल त्या दिवशी. हाच शुहूर किंवा अरबी सन. त्याचं आणखी एक नाव मृगसाल.

पुढे शिवशाहीत आणि पेशवाईतही मराठी कागदांवर तोच राहिला, तोही अरबी अंकांच्या नावांनी. 'खमस सबैन अलफ' म्हणजे पाच, सत्तर, हजार : १०७५. त्यात ५९९ मिळवा, १६७४ येतं, राज्याभिषेकाचं वर्ष. (जानेवारी ते मृगापर्यंतच्या तारखांना ६०० मिळवायचे.) हे शब्द फळ्यावर लिहिले की उर्दूची मुलं लगेच वाचतात, मृग कधी लागतो ते मात्र शेतकऱ्यांची मुलं सांगतात, मग ती कुठल्याही घरची असोत.

२०२५च्या मृगाला १४२६ लागलं. वहीत तेही लिहिलंय. त्याखाली नोंद : धुऱ्यावर सात, फवारलेल्या कपाशीत एकही नाही.