चक्रीवादळ येतंय: घरीच थांबायचं की घर सोडायचं? निर्णय कसा घ्यायचा?

३ जून २०२० च्या दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्याने रायगड आणि रत्नागिरीत हजारो घरांची कौलं आणि पत्रे उडाले, नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. कोरोनाचा काळ होता. काही कुटुंबांना शाळांमध्ये हलवलं होतं, अनेक जण घरातच दारं लावून बसले होते.

"आमचं घर इतकी वर्षं उभं आहे, आम्ही कुठे जात नाही," असं घरातली वडीलधारी माणसं अशा वेळी हमखास म्हणतात. पण घर सुरक्षित आहे की नाही, हे नेमकं कशावरून ठरतं?

घरी कोणी थांबायचं, कोणी नाही?

पक्कं आरसीसी घर, स्लॅबचं छप्पर, समुद्र आणि खाडीपासून लांब व उंचावरची जागा, आजूबाजूला मोठं झाड किंवा विजेचा खांब नाही, अशा घरात थांबता येतं.

पत्र्याचं किंवा कौलारू छप्पर, कच्च्या भिंती, खाडीकाठची किंवा सखल जागा, दरड कोसळण्याची शक्यता, यातलं एकही असेल तर घर सोडलेलं बरं. प्रशासनाने हलायला सांगितलं असेल, तर घर कितीही भक्कम असो, निघायचं. चक्रीवादळासोबत समुद्राचं पाणीही आत घुसतं आणि पाण्यापुढे भिंतीची ताकद कमी पडते.

निर्णय कधी घ्यायचा?

वारा सुरू होण्याआधी. भारतीय हवामान विभाग साधारण ४८ तास आधी यलो, तर २४ तास आधी ऑरेंज इशारा देतो. ऑरेंज इशारा आला की घरात आजी-आजोबा, लहान मुलं, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल, तर त्यांना आधी हलवा. झाडं पडायला लागली की रस्ता बंद होतो. मग घराबाहेर पडणं हे घरात थांबण्यापेक्षाही धोक्याचं ठरतं.

थांबायचंच असेल तर तयारी काय?

- पिण्याचं पाणी किमान ३ दिवस पुरेल इतकं भरून ठेवा.
- रोजची औषधं, कोरडा खाऊ, बॅटरी, चार्ज केलेली पॉवर बँक आणि थोडी रोख रक्कम हाताशी ठेवा. वीज गेली की एटीएम आणि यूपीआय दोन्ही बंद पडू शकतात.
- आधार, रेशन कार्ड, सातबारा, बँक पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत बांधा.
- अंगणातल्या कुंड्या, सुटे पत्रे, सायकली आत घ्या. वाऱ्यात या वस्तू दगडासारख्या उडतात.
- वारा वाढला की विजेचा मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करा.

खिडकी थोडी उघडी ठेवावी का?

नाही. आतला आणि बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून खिडकी उघडी ठेवा, असा सल्ला सोशल मीडियावर फिरतो. तो चुकीचा आहे. छपरावरून जाणारा वारा छप्पर वर खेचत असतो. त्यात खिडकीतून आत शिरलेला वारा खालून ढकलायला लागतो आणि छप्पर उडतं. काचेवर टेप लावल्यानेही काच फुटायची थांबत नाही. खिडक्या-दारं घट्ट लावा आणि सगळ्यांनी काचेपासून लांब, आतल्या खोलीत एकत्र बसा.

वारा अचानक थांबला तर?

इथेच अनेक जण फसतात. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, डोक्यावरून जाताना वारा पडतो, कधी ऊनही दिसतं. छप्पर बघायला किंवा व्हिडिओ काढायला लोक बाहेर येतात. पण थोड्याच वेळात वारा पुन्हा सुटतो आणि या वेळी उलट्या दिशेने येतो. पहिल्या झोतात खिळखिळी झालेली झाडं आणि भिंती दुसऱ्या झोतात पडतात. वादळ पुढे सरकल्याची अधिकृत सूचना येईपर्यंत कोणीही उंबरा ओलांडायचा नाही.

वादळ गेलं, म्हणजे धोका संपला?

नाही. तुटलेल्या तारांमध्ये वीज असू शकते, त्यांच्या जवळ जाऊ नका. पाणी उकळूनच प्या. घाईने छपरावर चढू नका, ओले वासे आणि पत्रे दगा देतात.

जनरेटर कधीही घरात किंवा पडवीत लावू नका. अमेरिकेत २०२० च्या 'लॉरा' हरिकेननंतर लुइझियाना राज्यात अनेकांचा जीव वाऱ्याने नाही, तर जनरेटरच्या विषारी धुराने गेला. (हरिकेन, टायफून आणि चक्रीवादळ हे एकाच प्रकारचं वादळ आहे, समुद्रानुसार नाव बदलतं.)

'निसर्ग'चा वारा काही तासांत ओसरला, पण कोकणातल्या कित्येक गावांत वीज यायला अनेक आठवडे लागले. मोबाइल नेटवर्कही गेलं होतं, त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांना गावाकडच्या माणसांची खुशाली कळत नव्हती. म्हणून वादळाआधीच एक फोन करा. घरी थांबताय की निवारा केंद्रात जाताय, सोबत कोण आहे, हे गावाबाहेरच्या एका नातेवाइकाला सांगून ठेवा. शोधायची वेळ आली, तर कुठे शोधायचं हे तरी त्यांना माहीत असेल.

मदतीसाठी: आपत्कालीन क्रमांक ११२, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, राज्य नियंत्रण कक्ष १०७०.