माथेरान: भाड्याच्या बंगल्याचा इतिहास

आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात सहलीचं काय काम? रास्त प्रश्न आहे. पण आपल्याकडे कुणी 'तळ्याकाठचं कॉटेज घेतलंय दोन दिवस' असं म्हणतं, तेव्हा जागा जरी दोन दिवसांची असली तरी त्यामागे पावणेदोनशे वर्षांचा व्यवहार असतो. जमीन कुणाची, घर कुणी बांधलं, भाडं कुणी घेतलं, सामान कुणी वर नेलं, पाणी कुणी भरलं? माथेरानच्या निमित्ताने ही चौकशी आज करायची आहे.

माथेरान रायगड जिल्ह्यात, मग ठाण्या-डोंबिवलीच्या मंचावर कशाला, असंही कुणी म्हणेल. तर माथेरान ज्या कर्जत तालुक्यात येतं तो तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. १८८२ साली निघालेल्या, जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये माथेरानवर लांबलचक प्रकरण आहे. माथेरान 'शोधलं' असं ज्यांच्याबद्दल म्हणतात ते ह्यू पॉइंट्झ मॅलेट हे ठाण्याचे कलेक्टर. म्हणजे गोष्ट आपल्याच कचेरीतून सुरू होते.

मे १८५०. मॅलेटसाहेबांचा मुक्काम पायथ्याशी चौकला होता. कलेक्टर लोक तेव्हा तंबू घेऊन जिल्हाभर फिरत. कोकणातला मे महिना, तंबू, आणि समोर गर्द झाडीचा डोंगर. साहेब वर चढले. वर दाट सावली आणि हवेत गारवा. वन ट्री हिलच्या बाजूने चढून ते रामबागच्या बाजूने उतरले, आणि उतरताना वरचं पाणी बरोबर घेतलं. मला या सगळ्या कथेत ही एकच गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दृश्य पाहून खूश होणारे पुष्कळ असतात, हा माणूस पाणी घेऊन खाली आला. मुक्काम करायचा तर आधी पाणी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा वर गेला, आणि पुढे त्याने तिथे घर बांधलं. 'द बाइक' हे त्या घराचं नाव. (सायकलशी संबंध नाही!) पाठोपाठ कॅप्टन हेन्री बार यांचं घर उभं राहिलं. १८५५ च्या सुमारास गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन वर आले, त्यांनीही जागा निवडली. हे एल्फिन्स्टन म्हणजे माउंटस्टुअर्ट नव्हेत बरं का; ते पेशवाई बुडवणारे, हे त्यांच्या नंतरचे, १८५३ ते १८६० या काळातले. गव्हर्नरसाहेबांनी घर बांधायचं म्हटल्यावर बाकीच्यांनी मागे का राहावं?

हा साचा काही एकट्या माथेरानचा नाही. १८१९ मध्ये कोइम्बतूरचे कलेक्टर जॉन सलिव्हन निलगिरी चढून गेले, आणि पुढे उटकमंडला त्यांनी तळंही करवून घेतलं. महाबळेश्वरला गव्हर्नर माल्कम यांच्या नावाची पेठ वसली. त्या काळी समज असा, की ताप दलदलीच्या वाईट हवेने येतो. डासाचा पत्ता लागायला शतकाची अखेर उजाडली. म्हणून उंचावरची हवा हे औषध, आणि त्या औषधासाठी तिथे छप्पर हवं. महाबळेश्वर मुंबईपासून लांब, सरकारी लवाजम्याचं ठिकाण. माथेरान मात्र मुंबईच्या व्यापाऱ्याला, वकिलाला, आजारी मुलाला हवापालटासाठी नेणाऱ्या कुटुंबाला जवळ पडणारं. ही जवळीक रेल्वेने आणली. १८५३ मध्ये गाडी ठाण्याला आली, १८५४ मध्ये कल्याणला, आणि १८५६ मध्ये पळसदरीपर्यंत. या शेवटच्या टप्प्यावर नेरळ आहे. मॅलेट वर गेला तेव्हा आगगाडी नव्हती. सहा वर्षांत ती डोंगराच्या पायथ्याशी आली. हा योगायोग झाला नसता, तर कलेक्टरचं एक विसरलेलं घर एवढंच माथेरान राहिलं असतं, असं माझं मत आहे.

आता 'शोध' या शब्दाबद्दल. डोंगरावर आणि उतारांवर ठाकूर, कातकरी, धनगर होतेच. मॅलेट वर गेला तो काही आकाशातून रस्ता पाहून गेला नाही. पायवाटा होत्या, म्हणून गेला. आज ज्याला आपण शार्लट लेक म्हणतो, त्याच्या काठाला पिसारनाथाचं देऊळ आहे, शेंदूर लावलेला देव, माथेरानचं ग्रामदैवत. म्हणजे तळ्याला इंग्रजी नाव मिळालं, पण काठावरचा देव मराठीच राहिला. 'माथेरान' हा शब्दच माथ्यावरचं रान असं सांगतो. ज्याला नाव आहे, देव आहे, वाट आहे, त्याचा शोध कसला लागतो?

आणि हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. ज्या वर्षांत वर एकामागून एक बंगले उठत होते, त्याच वर्षांत खाली जंगलाचे कायदे आवळले जात होते. १८७८ चा वन कायदा आला. राखीव जंगल म्हणजे काय, तर काल जिथून राब आणला, मोळी आणली, गुरं चारली, तिथे आज गेलात तर गुन्हा. राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला लागणारा पालापाचोळा आणि फांद्या, हे इथल्या जुन्या आगरी-कुणबी मंडळींना सांगायला नको. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून यावर इतक्या तक्रारी झाल्या, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. एकाच जंगलाकडे दोन नजरांनी पाहिलं जात होतं. वर हवा खायला आलेल्या माणसाला रान जसंच्या तसं हवं, झाड तोडलेलं चालणार नाही. खाली राहणाऱ्याला रान पोटासाठी हवं. माथेरानची झाडी टिकली हे चांगलंच झालं, मी त्याच्या विरोधात नाही. पण ती कुणाच्या खर्चाने टिकली, हे हिशेबात लिहायला हवं.

बंगल्याच्या भाड्याचा व्यवहार साधारण असा होता. जमीन सरकारची, ती प्लॉट पाडून पट्ट्याने दिलेली. पट्टा घेणारा बंगला बांधी. तो स्वतः वर्षातले थोडेच दिवस राही; उरलेल्या दिवसांत भाड्याने देई. हंगाम दोनच: पावसाळा सरल्यापासून नाताळापर्यंतचा, आणि एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंतचा. मधल्या चार महिन्यांत डोंगरावर असा पाऊस, की बंगल्याच्या उघड्या बाजू झडपांनी झाकून माळ्याच्या हवाली करायच्या. माळी हा तिथला खरा कायमचा रहिवासी. मालक बदलले, भाडेकरू बदलले. माळी बापाकडून मुलाकडे चालत आला.

बंगल्याची रचना पाहा. जांभ्या दगडाचं जोतं, उतरतं छप्पर, चहूबाजूंनी किंवा निदान समोर खोल व्हरांडा, आत मोठ्या खोल्या. स्वयंपाकघर मात्र वेगळं, मागे, अंगण ओलांडून. त्याच्याही मागे नोकरांच्या खोल्या. आणि प्रत्येक न्हाणीघराला बाहेरून एक दार. हे दार कशासाठी? भंगी आत येऊन डबा घेऊन जाईल, आणि घरातून एकदाही जाणार नाही, यासाठी. आज त्या जुन्या बंगल्यांची छायाचित्रं छापतात त्यात व्हरांडा असतो, वेताची आरामखुर्ची असते. मागचं दार नसतं. मला विचाराल तर त्या घराचा इतिहास व्हरांड्यापेक्षा या दारात जास्त आहे.

नेरळपासून वर साधारण अकरा किलोमीटरची चढण. भाडेकरू कुटुंब पालखीतून किंवा तट्टावरून चढे. अंथरूण, भांडीकुंडी, धान्य, दिवे हे डोक्यावरून वर जाई. ओझी वाहणारे कोण, तर खालच्या वाड्यांतलेच, बहुतेक ठाकूर आणि कातकरी. ज्याचं रान राखीव झालं, त्याला त्याच रानात हंगामी हमाली मिळाली.

पाण्याचं पाहू. वस्ती वाढली तसे झरे अपुरे पडले, आणि ओढ्याला बांध घालून तळं झालं, तेच शार्लट लेक. म्हणजे 'निसर्गरम्य तलाव' म्हणून आपण ज्याचे फोटो काढतो, ते मुळात पाणीपुरवठ्याचं बांधकाम आहे. आपल्या भागातल्या तानशाचं तेच, पवईचं आणि विहारचंही तेच. शहराची तहान भागवायला बांधलेल्या भिंतीमागे पाणी साठतं, आणि दोन पिढ्यांनी आपण तिला निसर्ग म्हणू लागतो.

१९०७ मध्ये मिनी ट्रेन आली. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने, विशेषतः त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी, ती स्वतःच्या पैशाने बांधली. खर्च १६ लाख. एकदा नेरळला उतरल्यावर आदमजींना वर जायला ना पालखी मिळाली ना तट्टू, म्हणून त्यांनी रेल्वेच बांधायचं ठरवलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो नसो, ती हंगामाची गर्दी नेमकी सांगते. रूळ दोन फूट रुंदीचे, चढ काही ठिकाणी विसाला एक. वाटेत 'वॉटर पाईप' नावाचं स्टेशन लागतं. हिल स्टेशनच्या वाटेवरच्या स्टेशनला इतकं रूक्ष नाव क्वचितच असेल, पण खरं नाव आहे. गाडी आल्यावर बंगल्याचा व्यवहार बदलला. महिनाभरासाठी घर घेणाऱ्याच्या जोडीला चार दिवसांसाठी खोली घेणारा आला. हॉटेलं वाढली. मोडकळीला येणारे बंगले हळूहळू हॉटेलांच्या हाती गेले. मॅलेटच्या 'बाइक'चं आणि बार यांच्या घराचंही पुढे हॉटेलच झालं.

आता एक माणूस. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मला. आपण त्यांना भाई कोतवाल म्हणतो. व्हरांड्यात बसणाऱ्यांच्या गावात, मागच्या बाजूच्या जगात वाढलेला मुलगा. वकील झाला. माथेरानच्या नगरपालिकेत निवडून आला, उपाध्यक्ष झाला. पण काम केलं ते डोंगराखाली: खेड्यांत शाळा काढल्या, सावकाराच्या तावडीतून शेतकरी सुटावा म्हणून धान्यकोठ्या उघडल्या. १९४२ मध्ये आझाद दस्ता उभारला आणि मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यात सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील पडले. त्यांना जंगलाने लपवलं, आणि त्या जंगलात त्यांना भाकर पोचवणारे आदिवासी, शेतकरी होते. दर २ जानेवारीला लोक तिथे जमतात. आपल्या कल्याण-मुरबाड रस्त्याने जाता येतं. माथेरानला गेलेल्यांनी किती जणांनी हे नाव तिथे ऐकलं असेल? हात वर करू नका, राहू द्या. (हशा)

आजचं थोडक्यात. २००३ पासून माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. मोटारी दस्तुरीला थांबतात. पुढे घोडा, पाय, किंवा मिनी ट्रेनचा शेवटचा तुकडा; २०२५ मध्ये माणसाने ओढायची रिक्षाही होती. या हातरिक्षेबद्दल ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: ही प्रथा अमानुष आहे, सहा महिन्यांत बंद करा, आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, गुजरातेत केवडियाला केलं तसं. निकालात १९८० च्या पंजाबमधल्या रिक्षाचालकांच्या खटल्याचाही दाखला आहे. म्हणजे १८५० च्या दशकात नेरळच्या चढणीवर सुरू झालेली खांद्यावरची वाहतूक कायद्याने थांबवायला पावणेदोनशे वर्षं लागली. ई-रिक्षेने शांतता जाईल, अशी तक्रार काही बंगलेवाल्यांकडून आणि पर्यटकांकडून ऐकू येते. घोडेवाल्यांची भीती मी समजू शकतो, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. पण व्हरांड्यातल्या शांततेसाठी दुसऱ्याच्या फुप्फुसाने किंमत मोजावी, हा युक्तिवाद मला पटत नाही.

आणि पाणी? शार्लट लेक एकटं आता पुरत नाही. नेरळजवळ उल्हास नदीतून पाणी उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवतात. तीच उल्हास पुढे बदलापूरवरून येते, आणि मोहिलीला आपल्या कल्याण-डोंबिवलीसाठी उचलली जाते. तेव्हा तळ्याकाठची खोली घेऊन नळ सोडाल, तर त्यातून येणारं पाणी बहुधा तुमच्या घरच्याच नदीचं असेल, डोंगर चढून आलेलं.

वर गेलात तर जुन्या बंगल्याच्या मागे जरूर जाऊन या. काही ठिकाणी न्हाणीघराचं ते दार विटा घालून बुजवलेलं दिसतं. चौकटीची खूण अजून आहे. इथे थांबतो. प्रश्न असतील तर माईक पुढे द्या.