एआयचा उंदीर आणि ड्यूररचा गेंडा: प्राण्यांची शास्त्रीय चित्रं कशी काढतात?

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका उंदराचं चित्र सोशल मीडियावर तुफान व्हायरल झालं. अवाढव्य जननेंद्रियं आणि कुठल्याच भाषेत नसलेले शब्द असं ते चित्र एआयने बनवलेलं होतं. विशेष म्हणजे ते एका विज्ञान नियतकालिकातल्या शोधनिबंधात छापून आलं होतं. काही दिवसांतच तो निबंध मागे घेण्यात आला. लोक हसले, पण प्रश्न गंभीर आहे. प्राण्याच्या शरीराचं चित्र चुकलं तर काय होतं?

फोटो असताना चित्र कशाला?

फोटोत एकच प्राणी दिसतो, त्याच्या जखमा आणि तुटलेल्या पंखासकट. चित्रकार मात्र अनेक नमुने पाहून त्या प्रजातीचं नेहमीचं रूप दाखवू शकतो. शरीर उघडल्यावर रक्त, चरबी आणि पातळ पडदे यांच्या गर्दीत एखादी बारीक नस फोटोत हरवते. चित्रात तेवढीच नस ठळक करता येते.

चित्र कसं तयार होतं?

आधी नमुन्याची मोजमापं घेतली जातात. लहान अवयवांसाठी सूक्ष्मदर्शकाला ‘कॅमेरा ल्युसिडा’ जोडतात. त्यातून नमुना आणि कागद एकाच वेळी दिसतात, त्यामुळे बाह्यरेषा अचूक गिरवता येते. मग शाईचे ठिपके दाट-विरळ देऊन खोली दाखवतात. काही संकेतही ठरलेले आहेत. उजेड सहसा वरच्या डाव्या बाजूने, माशाचं तोंड डावीकडे आणि शेजारी मोजपट्टी. शेवटी संशोधक प्रत्येक तपशील तपासतो. आज बरंच काम टॅबलेटवर होतं, पण तपासणी टळत नाही.

गोव्यातून निघालेला गेंडा

तपासणी झाली नाही तर काय होतं, याचं प्रसिद्ध उदाहरण गोव्याशी जोडलेलं आहे. गुजरातचा सुलतान मुजफ्फर शाह दुसरा याने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. जानेवारी १५१५ मध्ये तो गोव्याहून जहाजाने निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला पोहोचला.

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. हाती आलेलं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन यांवरून त्याने चित्र काढलं. त्यात कातडी चिलखतासारखी, पायांवर खवले आणि खांद्यांजवळ आणखी एक छोटं शिंग होतं. प्रत्यक्षात भारतीय गेंड्याला नाकावर एकच शिंग असतं.

१५१६ मध्ये तो गेंडा इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजबुडीत मेला. चित्र मात्र जगलं. कॉनराड गेस्नरच्या १५५१ च्या प्राणिग्रंथातही ते आलं आणि दोनशेहून अधिक वर्षं युरोपात गेंडा म्हणजे हाच, असं मानलं गेलं. १७४१ मध्ये ‘क्लारा’ ही गेंड्याची मादी युरोपात आली. तिला समोर पाहून काढलेली चित्रं पसरली, तेव्हा कुठे हे जादा शिंग मागे पडलं.

फरक काय?

ड्यूररकडे निदान खऱ्या गेंड्याचं वर्णन होतं. एआयच्या उंदरामागे समोर ठेवलेला नमुनाच नव्हता. म्हणून एखादं शास्त्रीय चित्र शेअर करण्याआधी एवढं पाहा: ते कोणत्या नमुन्यावरून काढलंय, मोजपट्टी आहे का आणि नावं वाचता येतात का?