आशा कवा गाणार?

परवा यूट्यूबवर भटकताना 'ब्रिमफुल ऑफ आशा' समोर आलं आणि एकदम १९९८ ची दिवाळी आठवली. वारणानगर, कारखान्याची कॉलनी, गळीत हंगाम तोंडावर आलेला. मुंबईला इंजिनियरिंग करणारा मामेभाऊ एक कॅसेट घेऊन आला होता. "आजी, इंग्लंडच्या बँडनं आशा भोसल्यांवर गाणं केलंय. तिथं एक नंबरला गेलंय!" आजीनं चकलीचा सोऱ्या बाजूला ठेवला. गाणं वाजलं, आम्ही पोरं नाचलो. आजी मात्र शेवटपर्यंत वाट बघत बसली आणि म्हणाली, "अरं, मग आशा कवा गाणार?"

आम्ही पोट धरून हसलो होतो. आता वाटतं, प्रश्न अगदी बरोबर होता.

बँडचं नाव कॉर्नरशॉप. इंग्लंडमध्ये कोपऱ्यावरचं किराणा दुकान देशी माणसाचंच असणार, अशी तिथल्या गोऱ्यांची समजूत. त्यावरून मुद्दाम ठेवलेलं नाव. गाणारा-लिहिणारा तजिंदर सिंग, वुल्व्हरहॅम्प्टनचा पंजाबी. पोरं तशी तापट. मॉरिसी या गायकाच्या वागण्यात त्यांना वंशद्वेष दिसला, तर १९९२ साली लंडनमध्ये ईएमआय कंपनीच्या ऑफिसबाहेर त्याचं पोस्टर जाळलं होतं!

'ब्रिमफुल ऑफ आशा' १९९७ च्या ऑगस्टमध्ये आलं. गिटारवरचं संथ, आळसावलेलं गाणं. त्यात आशाबाई आहेत, लताबाई आहेत, रफीसाहेब आहेत, ऑल इंडिया रेडिओ आहे, आणि ४५ च्या वेगानं फिरणारी ती छोटी तबकडी. सरकारी धरणंसुद्धा येतात मध्येच. (चांदोलीच्या धरणाखाली राहणाऱ्या आमच्यासारख्यांचे कान लगेच टवकारतात!) थोडक्यात, पडद्यावर नट्या नाचतात त्यांच्यामागे गाणाऱ्या बाईला केलेला हा सलाम.

बीबीसीवरच्या जॉन पील यांच्या श्रोत्यांनी वर्षअखेरीच्या यादीत ते पहिलं ठेवलं. पण ब्रिटनच्या विक्रीच्या चार्टवर? ६० वा नंबर. झालं, संपलं असतं तिथंच.

मग नॉर्मन कुक, म्हणजे फॅटबॉय स्लिम, यानं ते हातात घेतलं. वेग वाढवला, सूर वर चढवला, खाली दणदणीत ढोलताशा घातला. (ताशा नव्हे हो, पण आमच्या भाषेत तेच.) फेब्रुवारी १९९८ मध्ये हे रिमिक्स थेट पहिल्या नंबरवर. 'टायटॅनिक'चं गाणं खाली ढकललं. आठवड्याभरात मॅडोना आली आणि हे उतरलं. पण तेवढ्यात सगळ्या इंग्लंडला आशा हे नाव म्हणता येऊ लागलं. त्यातल्या किती जणांना ते एका जित्याजागत्या बाईचं नाव आहे हे कळलं असेल, देव जाणे.

गंमत बघा. पडद्यामागच्या आवाजावरचं गाणं, आणि ते चाललं कुणामुळे, तर रिमिक्स करणाऱ्या तिसऱ्याच माणसामुळे! लेबलवर नाव कॉर्नरशॉपचं, पण पुष्कळांच्या लेखी ते फॅटबॉय स्लिमचंच गाणं झालं. बँडला एवढं यश पुन्हा मिळालं नाही. आमच्या घरीसुद्धा वाजलं ते रिमिक्सच. मूळ गाणं मी दहा वर्षांनी ऐकलं आणि मला तेच जास्त आवडतं. त्यात घाई नाही, रेडिओशेजारी पडून राहिल्यासारखं वाटतं.

आपल्याकडे हा खेळ जुनाच. १९४९ च्या 'महल'च्या तबकडीवर गायिका म्हणून लताबाईंचं नावच नव्हतं, मधुबालेच्या पात्राचं होतं, 'कामिनी'!

आणि आशाबाई तर आमच्या आजीच्या लेखी शेजारणीची पोर. जन्म १९३३ चा, सांगलीचा. आमच्या वारणेचं पाणी हरिपूरला कृष्णेत मिसळतं, तिथून सांगली किती लांब? १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेल्यावर मंगेशकर मंडळी काही काळ कोल्हापुरात होती. आशाबाईंचं पहिलं सिनेमागीतही मास्टर विनायकांच्या 'माझं बाळ'मधलं, १९४३ चं. वय अवघं नऊ-दहा. त्यामुळे आशावरचं गाणं म्हणजे आशानं गायलेलं गाणं, याखेरीज दुसरं काही आजीच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

त्याच वर्षी आमच्या भागात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला होता. ७० गावांत संगणक, उसाची नोंद संगणकावर, साहेबलोक बघायला येत. इंग्लंड आता लांब नाही, असं सगळे म्हणायचे. मामेभावाचीही तीच धून होती.

आजीनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं केलं बाबा त्यांनी. आता ती काढ, आणि 'उमराव जान' लाव." कॅसेट बदलली. आजी पुन्हा सोऱ्या घेऊन बसली, आणि आम्ही पोरं फटाके उडवायला बाहेर पळालो.