जंत आणि आतड्यांचा दाह : स्टिरॉइडपूर्वीची एक तपासणी

आतड्यांतील जंत हा बालपणाचा, गावाकडचा आणि एका गोळीत मिटणारा विषय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. स्ट्राँगिलॉइडिस स्टर्कोरॅलिस हा सूक्ष्म कृमी तिला छेद देतो. लुई नॉर्मां या फ्रेंच नौदल डॉक्टरांना १८७६ मध्ये कोचीन-चायना, म्हणजे आजच्या दक्षिण व्हिएतनाममधून अतिसाराने जर्जर होऊन परतलेल्या सैनिकांच्या विष्ठेत तो प्रथम आढळला.

दूषित, ओलसर मातीतील त्याच्या अळ्या अनवाणी पायांच्या त्वचेतून शिरतात आणि शेवटी लहान आतड्यात वस्ती करतात. इतर बहुतेक जंतांची संख्या नव्या संसर्गाविना वाढत नाही. याच्या काही अळ्या मात्र बाहेर न पडताच आतड्याच्या भिंतीतून पुन्हा शरीरात शिरतात. या स्वसंसर्गामुळे तो दशकानुदशके टिकतो. दुसऱ्या महायुद्धात सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर राबलेल्या युद्धकैद्यांमध्ये तो तीसहून अधिक वर्षांनीही सापडला. भारतातही त्याचा आढळ आहे. त्यामुळे देश सोडून वीस वर्षे झाली, हा युक्तिवाद येथे निरर्थक ठरतो.

बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही. काहींना पोटदुखी, जुलाब, दमा किंवा त्वचेवर भराभर सरकणारी खाजरी रेघ दिसते. क्वचित मोठ्या आतड्याचा दाह अल्सरेटिव्ह कोलायटिससारखा भासतो. खरा धोका तेथेच आहे. स्वयंप्रतिकार विकार समजून स्टिरॉइड सुरू केल्यास अळ्या बेसुमार वाढतात, फुप्फुसे व मेंदूपर्यंत पोहोचतात आणि आतड्यातील जिवाणूही रक्तात पसरवतात. उपचार न झाल्यास ही अवस्था बहुधा प्राणघातक ठरते. अमीबाजन्य दाहातही स्टिरॉइडने आतडे फाटण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

जंत रोगप्रतिकारशक्तीला शांत करतात, म्हणून ते अशा विकारांवर औषध ठरावेत, ही कल्पनाही बरीच गाजली. अमेरिकेतील आयोवा येथे डुकरांतील चाबूककृमीची अंडी रुग्णांना पाजण्यात आली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आशादायक होते. क्रोन्स विकारावरील पुढच्या, मोठ्या चाचण्यांत मात्र ती औषधहीन गुटीपेक्षा सरस ठरली नाहीत. इंटरनेटवर आजही जिवंत जंत विकले जातात. त्यांना या पुराव्याचा आधार नाही.

अळ्या विष्ठेत अधूनमधूनच उतरत असल्याने विष्ठेची एकच तपासणी पुरेशी नसते. प्रतिपिंडांची रक्तचाचणी अधिक भरवशाची. रक्तातील इओसिनोफिल पेशी दीर्घकाळ वाढलेल्या असणे ही महत्त्वाची खूण असली, तरी त्या सामान्य असल्याने संसर्ग नाही असे ठरत नाही. पाश्चात्त्य देशांतील डॉक्टर जन्मस्थान विचारतीलच असे नाही; स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दडपणारे औषध सुरू होण्यापूर्वी ते रुग्णानेच सांगावे. उपचार आयव्हरमेक्टिनचा, नेहमीची अल्बेंडाझोलची गोळी येथे तोकडी पडते. मध्य आफ्रिकेत वास्तव्य झाले असल्यास मात्र आयव्हरमेक्टिनपूर्वी लोआ लोआ या कृमीची तपासणी आवश्यक असते, कारण त्याच्या उपस्थितीत हेच औषध मेंदूला अपाय करू शकते.