छायांचें वाचन

दगडाचें कापड विणतां येतें आणि तें विस्तवांत टाकलें तरी जळत नाहीं, ही गोष्ट ऐकून मुलें आजही चकित होतात. ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचें असें कापड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडच्या गिरण्यांतून निघूं लागलें. तंतु पिंजतांना उडणारी धूळ कामगारांच्या छातींत शिरे. परंतु तिचा परिणाम दिसावयास कित्येकदां वीस-वीस वर्षें लागत. तेव्हां कारण आणि कार्य यांची गांठ कोणीं घालून द्यावी?

१८९९ सालीं लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयांत डॉ. माँटेग्यू मरे यांनीं असा एक कामगार तपासला. त्यानें या धंद्यांत चौदा वर्षें काढलीं होतीं, आणि पिंजण्याच्या खोलींतील दहा जणांत आपण एकटेच उरलों, असें तो सांगे. १९०० सालीं तोही वारला. ही हकीकत मरे यांनीं १९०६ सालीं सरकारी समितीपुढें ठेविली. पण समितीनें हा रोग भरपाईच्या यादींत घेतला नाहीं. पुढें १९२४ सालीं रॉचडेलची नेली केर्शॉ ही कामगार स्त्री वयाच्या ३३ व्या वर्षीं मरण पावली. डॉ. कुक यांना तिच्या फुप्फुसांत सूक्ष्मदर्शकाखालीं त्या खनिजाचे कण आढळले. कारखान्याकडून तिला भरपाई मिळाली नव्हती. यादींत नसलेल्या रोगाला भरपाई कोठली! १९३० सालच्या अहवालासाठीं मेरेवेदर आणि प्राइस यांनीं ३६३ कामगार तपासले, तों चौथ्या हिश्शाहून अधिक जणांची फुप्फुसें कठीण झालेलीं निघालीं. मग कोठें १९३१ सालीं धुळीविषयीं नियम झाले.

मृताचें फुप्फुस कापून पाहतां येतें. जिवंत माणसाचें काय? राँटजेन यांनीं १८९५ सालीं शोधिलेले क्ष-किरण उपयोगी पडले खरे, पण त्या चित्रांत फासळ्या, हृदय, रक्तवाहिन्या सारें एकावर एक पडतें. पुस्तकाचीं सर्व पानें एकाच कागदावर छापावीं तसें! आरंभींचा बारीक दोष त्या गर्दींत बुडून जाई. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनमध्यें गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या सी. टी. यंत्रानें पहिल्या रोग्याच्या मस्तकाचें चित्र घेतलें, आणि पान पान वेगळें वाचतां येऊं लागलें. १९८० नंतरच्या दशकांत छातीचे एक-दोन मिलिमीटर जाडीचे काप मिळूं लागले. त्यांत फुप्फुसाच्या आवरणालगत बारीक ठिपके दिसले, आणि आवरणाला समांतर जाणारी एक वांकडी रेघही दिसली. तिचें वर्णन जपानी डॉक्टरांनीं १९८६ सालीं प्रसिद्ध केलें.

खरी अडचण पुढेंच आहे. रोगी उताणा निजला म्हणजे फुप्फुसाच्या स्वतःच्या भारानें पाठीकडील भाग दबतो, तेथील हवा कमी होते आणि निरोगी माणसाच्या चित्रांतही तेथें अंधुक छाया उमटते. हा रोगही नेमका खालीं, पाठीकडेच सुरू होतो! चोर कोण आणि साव कोण? उपाय मात्र इतका साधा कीं हसूं यावें: रोग्यास पालथें निजवून पुन्हां चित्र घ्यावयाचें. भाराची छाया असेल तर ती पुसली जाते. रोगाची असेल तर ती जागची हलत नाहीं.

तरीही ही रेघ म्हणजे एकट्या ॲस्बेस्टॉसची मिरासदारी नव्हे. अन्य कारणांनीं फुप्फुस कठीण झालें तरी ती उमटते. आवरणावरचे पांढरे चट्टे तर एवढीच साक्ष देतात कीं, ही धूळ केव्हां तरी या छातींत गेली होती. म्हणून डॉक्टराला चित्र बाजूस ठेवून विचारावेंच लागतें, "बाबा, तीस वर्षांपूर्वीं तुम्ही कोठें कामाला होतां?"

आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालच्या निकालांत ॲस्बेस्टॉस कारखान्यांना आदेश दिला कीं, प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षें, किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षें, यांपैकीं जी मुदत नंतर संपेल तोंपर्यंत जपावी. रोगी ठरलेल्या कामगारास १ लाख रुपये भरपाईही त्याच निकालांत ठरली. ती मिळावयाची ती अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनें रोगाचा दाखला दिल्यावर.