रेडिअल (व्हीओआर)

व्हीओआर या जमिनीवरील रेडिओ केंद्रापासून बाहेर जाणारी, चुंबकीय उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने अंशांत मोजलेली रेषा. रेडिअलसाठीचा मराठी गणितातला ‘अरीय’ हा शब्द चाकाच्या आऱ्यावरून आला, आणि ही कल्पना समजायला बैलगाडीचे चाक पुरते: केंद्र म्हणजे तुंबा, रेडिअल म्हणजे आरे, आणि आरे एकूण 360. आरा तुंब्यातून बाहेर जातो हे मनात पक्के झाले की निम्म्या चुका टळतात. रेडिअल सांगतो ते विमान कोठे आहे एवढेच. विमानाचे नाक कोणीकडे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

केंद्र 108 ते 117.95 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात 30 हर्ट्झचे दोन संकेत पाठवते. एकाची कला (फेज) सर्व दिशांना सारखी असते, दुसऱ्याची दिशेनुसार बदलते. चुंबकीय उत्तरेला दोन्ही जुळतात, पूर्वेला 90 अंशांचे अंतर पडते, दक्षिणेला 180 अंशांचे. विमानातला ग्राहक (रिसीव्हर) हे अंतर मोजतो, तोच रेडिअल.

उदाहरणासाठी धाराशिव जिल्ह्यातील, सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे नळदुर्गजवळचे जळकोट घेऊ (लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे जळकोट वेगळे). मुंबईहून हैदराबादला नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती या गावाच्या थोडी उत्तरेकडून जाते. हैदराबादच्या शमशाबाद विमानतळापासून मोजले तर जळकोट सुमारे 286 अंशांच्या रेडिअलवर, सव्वाशेच्या आसपास सागरी मैलांवर पडते. जळकोटच्या माथ्यावरून हैदराबादकडे निघालेले विमान 286 च्या रेडिअलवर असते, पण त्याला जायचे असते 106 अंशांकडे. नवशिका वैमानिक अडखळतो तो इथेच. त्याने कोर्स निवडण्याच्या बटणावर 106 लावायचे; मग डायलच्या खिडकीत ‘टू’ (केंद्राकडे) दिसते आणि डायलची सुई ज्या बाजूला सरकेल त्या बाजूला वळले की रेघ सापडते. रेडिअल 286 म्हणून 286 च लावले तर ‘फ्रॉम’ (केंद्रापासून) दिसते आणि सुई उलटी बोलू लागते: ती डावीकडे गेली तर रेघ उजवीकडे असते. वैमानिक प्रामाणिकपणे सुईच्या मागे जातो आणि मार्गापासून दूर दूर होत जातो. उपकरण बिघडलेले नसते. त्याला प्रश्नच उलटा विचारलेला असतो.

साध्या डायलवर सुई काठाला टेकते ती 10 अंशांच्या फरकाला. अंश सगळीकडे तेवढाच असला तरी जमिनीवरची रुंदी अंतरासोबत वाढते. 60 सागरी मैलांवर एक अंश म्हणजे साधारण एक मैल. जळकोटवर तोच अंश चार किलोमीटरचा होतो. हैदराबादकडे जाताना तिथे सुई पार डाव्या काठाला गेली, तर विमान अक्कलकोटच्याही दक्षिणेला असू शकते. उलट केंद्र जवळ येते तशी सुई फार चपळ होते, आणि नेमके माथ्यावर संकेत अस्पष्ट होतो. त्या शंकूच्या आकाराच्या जागेत सुईचा पाठलाग करायचा नसतो. आहे ती दिशा धरून पलीकडे निघायचे.

संकेत सरळ रेषेत जातो, म्हणून उंचीला महत्त्व. केंद्राच्या पातळीपेक्षा जवळपास 10,000 फूट वर असल्याशिवाय जळकोटच्या अंतरावर हैदराबादचे केंद्र ऐकूच येण्याची आशा नाही. वाराही विसरून चालत नाही. पावसाळ्यात खालच्या थरांतला नैर्ऋत्य वारा पूर्वेला निघालेल्या विमानाला डावीकडे ढकलतो. रेघेवर राहायचे तर नाक थोडे उजवीकडे कलते ठेवावे लागते. म्हणजे कोर्स 106 आणि होकायंत्रावर कदाचित 112. दोन्ही आकडे बरोबरच असतात.

एक रेडिअल म्हणजे ठिकाण नव्हे. रेघेवर नेमके कोठे आहोत हे कळायला दुसऱ्या केंद्राचा रेडिअल किंवा डीएमई या अंतर मोजणाऱ्या उपकरणाचे अंतर हवे. डीएमई तिरके अंतर सांगते. 30,000 फुटांवर, केंद्राच्या बरोबर माथ्यावरही ते जवळपास 5 सागरी मैल दाखवते.

या दुसऱ्या खुणेची किंमत दोन अपघातांत दिसली आहे. 7 जुलै 1962 च्या पावसाळी रात्री मुंबईला उतरू पाहणारे अलितालियाचे डीसी-8 जुन्नर भागातल्या डोंगरावर आदळले आणि आतले सर्व 94 जण गेले. मुंबई आहे त्याहून जवळ आली असे समजून विमान लवकर खाली आणले गेले होते. आपली जागा पडताळण्याची उपलब्ध साधने वापरली गेली नाहीत, असे चौकशीत दिसले. 24 जानेवारी 1966 ला एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग 707 आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. त्यात 117 जण गेले. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा त्यांत होते. त्या विमानाचा एक व्हीओआर ग्राहक बैरूतपासूनच बंद होता. वैमानिकाने आपल्या जागेचा अंदाज चुकीचा बांधला. रडारवरच्या नियंत्रकाने तो दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला, पण त्याचे शब्द पुरेसे नेमके नव्हते. पर्वत मागे पडला असे समजून विमान उतरू लागले. भाभांच्या मृत्यूभोवती कटाच्या कितीतरी गोष्टी रचल्या गेल्या. फ्रेंच चौकशीने मात्र एक बंद ग्राहक आणि एक गैरसमज दाखवला, आणि शिकण्यासारखे आहे ते त्यातच.

आता उपग्रहांवर मार्ग आखले जातात आणि अनेक देशांत व्हीओआर केंद्रे कमी होत आहेत. तरी उपग्रहांचा संकेत दाबला किंवा फसवला जाऊ शकतो, म्हणून ही विद्या शिकवणे थांबलेले नाही. शिकवताना पहिली सवय लावतात ती कानांची: कंप्रता लावल्यावर केंद्राची मॉर्समधली अक्षरे ऐकायची. दुरुस्ती चालू असलेल्या केंद्राची ही ओळख बंद ठेवतात. अशा वेळी सुई कितीही स्थिर दिसली तरी तो रेडिअल वापरत नाहीत.